जिवंत माणसाचा तिसरा दिवस

गावाहून, १२ हातूर

प्रिय वनीस,

हे पत्र तुझ्याआधी मठाचे धर्मगुरू अबूना युस्तुस वाचतील, हे मला माहीत आहे. मठात नव्याने आलेल्यांची पत्रं आधी त्यांच्याकडे जातात, असं तूच कळवलं होतंस. म्हणून त्यांना आधीच नमस्कार करते. अबूना, मी त्याला मोहात पाडायला लिहीत नाही, घरची हकीगत लिहिते आहे. घरची हकीगत हाच मोह ठरत असेल तर माझा इलाज नाही.

आई बरी आहे. सिदराकमामा बरा आहे, म्हणजे पहिल्यासारखाच तोंडाळ आहे. मीही बरी आहे. अस्यूतहून थोडी सुट्टी काढून आले आहे. विद्यापीठात माझ्यावाचून सध्या काही अडलेलं नाही.

तुझी चिठ्ठी मिळाली. मोठ्या उपवासाच्या आधी तुला दीक्षा देणार, नवं नाव देणार, आणि शेवटी, "आईला तू सांग." वनीस, मी सांगितलेलं नाही. का, ते लिहिते.

तू परत येणार असंच आई अजून धरून चालली आहे. तू सैन्यात गेलास तेव्हा ती रोज रडायची, आणि तू परत आलास. मठात गेलास तेव्हा ती रडली नाही, कारण या वेळी तिला रीत माहीत होती. मुलगा जातो, केस कापतात, दुसरे कपडे देतात, कधीतरी सुट्टी मिळते, मुदत संपली की घरी पाठवतात. नळावर कोणी विचारलं तर ती सांगते की वनीसची मुदत आता संपत आली. परवा शेजारच्या उम्म हसनीनने तिला विचारलं, "अगं, सरकारची चाकरी संपते, देवाची कधी संपते?" आई म्हणाली, "देव काय सरकारपेक्षा वाईट आहे?" सगळ्या बायका हसल्या, आईसुद्धा. मला हसता आलं नाही.

तुला आठवतं ना, गावात कुठल्याही ख्रिस्ती घरात कोणी गेलं की आधी आईला बोलावणं येतं? तिला वाचता येत नाही, पण मृताची प्रार्थना तिला पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत पाठ आहे. बाबांच्या वेळी ती अबूनांच्या आधी पुढचा शब्द म्हणत होती. आणि आता तुला वेदीसमोर झोपवणार, तुझ्यावर पडदा घालणार आणि तीच प्रार्थना म्हणणार. जगाला तू मेलास असं जाहीर करून मग तुला नव्या नावाने उठवणार.

मला हे फार सुंदर वाटायचं. वाळवंटातल्या पहिल्या संन्याशांच्या चरित्रांवर मी प्रबंध लिहिला, त्यात या पडद्याबद्दल एक अख्खं पान आहे. परीक्षकांनी त्याच्या कडेला "उत्तम" लिहिलं होतं. त्या पानात आई कुठेच नाही, हे मला आता दिसतं.

माझं मागणं एवढंच आहे. त्या दिवसाआधी एकदा घरी ये. राहू नकोस, जेवूही नकोस. तुझ्या स्वतःच्या कपड्यांत, वनीस म्हणून ये, आणि तिला तुझ्या तोंडाने सांग की मी परत येणार नाही. तिने तुला धरून ठेवलं तर तिचे हात मी सोडवीन, हे माझं वचन.

तुझी बहीण,
तकला


गावाहून, २० कियाक

प्रिय वनीस,

उत्तर आलं. तू येणार नाहीस. त्याऐवजी तू मला त्या वाळवंटातल्या जुन्या संन्याशांपैकी अब्बा अर्शनूफांची गोष्ट लिहून पाठवलीस. मला, वनीस? ती गोष्ट मी तीन भाषांत वाचली आहे. तुझ्या हाती ती प्रथम कुठून आली? माझ्याच उशाखालून.

तरी ती परत वाचली. अब्बांची म्हातारी आई वाळू तुडवत त्यांच्या गुहेपाशी येते. ते दार लावून घेतात. ती बाहेरून हाका मारते, ते आत गुडघ्यांवर बसून राहतात. संध्याकाळी ती निघून जाते. आणि मग ते वाक्य, ज्याच्यासाठी तू सगळी गोष्ट उतरवलीस: आतली वाळू त्यांच्या आसवांनी ओली झाली होती.

मला एक सांग. दार बंद होतं. आत एकटे अब्बा होते, आणि ते स्वतःबद्दल कोणाशी बोलत नसत असं तीच गोष्ट आधी सांगते. मग ओली वाळू पाहिली कोणी? ज्यांनी या गोष्टी लिहिल्या ते परदेशाहून आलेले पाहुणे होते. आले, चार दिवस राहिले, भाकरी-मीठ खाल्लं, ऐकलं आणि जहाजात बसून लिहून काढलं. त्यांच्यापैकी एकही त्या म्हातारीच्या मागोमाग तिच्या गावापर्यंत गेला नाही. ती पोचली की वाटेत पडली, तिला पाणी कोणी दिलं, काहीच कुठे लिहिलेलं नाही. तो लिहिणारा तिच्या मागे गेला असता तर गोष्ट वेगळी झाली असती, आणि तू आज घरी असतास.

रागाने लिहीत नाही. मला या गोष्टी तुझ्याइतक्याच प्रिय आहेत. खजुरीच्या दांड्यांची खोकी करून तू मला शिकवलंस, म्हणून तर मला त्या वाचता आल्या. घरात पदवी घेणारी पहिली मी. पण माझ्या पदवीत अर्धी बोटं तुझी आहेत.

म्हणून मी शोधलं. नाताळआधीच्या उपवासाच्या या दिवसांत अस्यूतला दोनदा जाऊन आले, माझ्या प्राध्यापकांनी हस्तलिखितांच्या छायाप्रती दाखवल्या. आई घरी मरणाला टेकली आहे म्हणून आपली गुहा सोडून निघालेला एकतरी अब्बा मला हवा होता. आणि सापडला. त्याचं नावही पुसलं गेलंय. त्याच्या गावचा उंटवाला त्याला सांगतो की तुझी आई अंथरुणाला खिळली आहे. अब्बा हातातली विणलेली टोपली खाली ठेवतो, काठी उचलतो, गावाची वाट धरतो. पुढे असं लिहिलंय, "आणि टेकडी उतरल्यावर त्याला दिसलं की". तिथे पान संपतं. पुढचं पान नाही. कधी फाटलं, कोणी फाडलं, कोणाला माहीत नाही.

मी खोटं सांगत नाही, पुढे काय झालं ते मला माहीत नाही. पण तो निघाला, एवढं त्या पानावर आहे. अबूना युस्तुसांनाही दाखव. मूळ शब्द या पत्राच्या मागे उतरवून दिले आहेत.

अजून वेळ आहे. ये.

तकला

ता.क. आई बरी आहे, असं मागच्या पत्रात लिहिलं होतं. ती बरी नाही. तू गेल्यापासून ती आपल्या खोक्यांच्या कारखान्यात, तुझ्या जागेवर झोपते. दिवसा तुझी अर्धवट राहिलेली खोकी पुरी करते. दांड्याला भोक पाडताना परवा तिने स्वतःच्या तळहातात आर घुसवली. मुदत संपून तू आलास की गिऱ्हाईक तुटलेलं नसावं, असं तिचं म्हणणं.


गावाहून, १४ तूबा

वनीस,

मला वाटलं होतं तू पानावर आहे तेवढंच वाचशील. तू तर ते थेट अबूनांकडे नेलंस, आणि अबूनांनी सांगितलं की टेकडी उतरल्यावर त्याला दिसलं की आपण चुकलो, आणि तो मागे वळला.

पदवी असून मला न वाचता आलेलं पान त्यांनी न पाहताच वाचलं. अबूना युस्तुस, तुम्ही हे वाचत असाल तर माफ करा, पण ते पान तुमच्याकडे असेल तर माझ्या प्राध्यापकांना पाठवा, जगभरचे विद्वान त्याची वाट पाहताहेत.

हे खोडणार होते. राहू दे.

वनीस, मी आता गोष्टी पुरे करते. सरळ लिहिते. नाताळच्या प्रार्थनेला आई नवी ओढणी घेऊन देवळात आली, कारण सणाला तुला सुट्टी मिळेल असं तिला वाटलं होतं. प्रार्थना संपून लोक घरोघर मांस शिजवायला गेले तरी ती दारापाशी बसून होती. सिदराकमामाने तिला उठवलं. वाटेत तो चेष्टा करत होता, नेहमीसारखी. म्हणाला, "तुझा पोरगा कर्नल झालाय, आता त्याला सुट्टी कुठली?" आई म्हणाली, "कर्नल झाला तरी आई आहे ना त्याला."

त्या दिवशी घरी आल्यावर मी तिला सांगायचा प्रयत्न केला. पडदा, प्रार्थना, सगळं. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "तू पुस्तकातलं सांगतेस. वनीस आला की मी त्याला विचारीन."

कळतंय तुला? ती तुझ्या तोंडून ऐकल्याशिवाय मानणार नाही. आणि दुसऱ्या कोणाच्या तोंडून त्या प्रार्थनेचं कळलं तर मात्र ती तेवढंच मानेल, दुसरं काही मानणार नाही. मी तिला ओळखते. ती प्रार्थना तिच्या लेखी खोटी म्हणता येतच नाही. ती म्हटली गेली की माणूस गेलेला असतो. इतकी वर्षं तिने हेच पाहिलंय.

म्हणून मी मामाला पाठवते आहे. मोठा उपवास लागण्याआधी यात्रेकरूंची शेवटची बस मठाकडे जाते, तीत त्याची जागा धरली आहे. माझं पुढचं पत्र त्याच्या खिशात असेल. ते तो फक्त तुझ्या हातात देईल, अबूनांच्या नाही. त्याच्याबरोबर निघून ये. एका संध्याकाळपुरतं. मग तुला जे नाव हवं ते घे, मी स्वतः तुला त्या नावाने हाक मारीन.

अस्यूतहून निरोप आला आहे, तिथे माझी वाट पाहताहेत. ते तसं काही नाही, जाईन सवडीने.

तकला


गावाहून, १० अमशीर

वनीस (हे नाव वाचून अबूनांनी पाकीट परत पाठवू नये, ही विनंती. मला दुसरं नाव कोणी अधिकृत कळवलेलं नाही.)

मामा तुमच्या फाटकात पोचला तेव्हा सकाळची प्रार्थना चालू होती. पाहुण्यांना आत सोडत नव्हते. भटारखान्यासाठी पिठाची पोती आत नेत होते, मामाने एक पोतं खांद्यावर घेतलं आणि सरळ देवळाच्या मागच्या दाराशी जाऊन उभा राहिला. एकाच पडद्याखाली तुम्हा तिघांना झोपवलं होतं. चेहरे झाकलेले. पाय तेवढे बाहेर होते. त्यातला तू कुठला, ते त्याला डाव्या पायाच्या अंगठ्यावरून कळलं. लहानपणापासून खजुरीचा दांडा त्या अंगठ्यात धरून तू भोकं पाडलीस, म्हणून तो बाहेर वळलाय. तसा अंगठा खोकी करणाऱ्याशिवाय कोणाचा नसतो. मामाचाही तसाच आहे.

माझं पत्र त्याच्या खिशात होतं. तो म्हणाला, "ज्याला द्यायचं त्याच्यावरच पडदा होता, पोरी. मी कोणाला देऊ?"

ते पत्र त्याने मला परत आणून दिलं. मी ते चुलीत घातलं.

तो घरी आला तेव्हा आई कारखान्यात जमिनीवर बसून दांडे सोलत होती. मी मामाच्या मागोमाग धावले, पण त्याला थांबवायच्या आधी तो बोलून गेला. चेष्टेशिवाय बोलता न येणारा माणूस, त्या दिवशी त्याच्या तोंडून चेष्टा निघेना. "त्याला झाकलं, गलीला," एवढंच तो म्हणाला. आईला कोणी तिच्या नावाने हाक मारलेली मी जन्मात पहिल्यांदा ऐकली. तू जन्मलास त्या दिवसापासून ती सगळ्यांची उम्म वनीस, वनीसची आई, आहे.

आईने विचारलं, कोणती प्रार्थना म्हणाले. मामाने पहिले दोन शब्द सांगितले. पुढचे तिने सांगितले. मग आर बाजूला ठेवली, हात धुतले, आणि मला म्हणाली की माझा काळा झगा काढून दे.

मी सगळं करून पाहिलं. रडले, समजावलं, तिच्या पायांशी बसले. मठातली ही मेलेली माणसं जेवतात, झाडं लावतात, गाई पाळतात, पत्रं लिहितात, असं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. रात्रीपर्यंत तिने ओट्यावर चटई घातली आणि बायका येऊन बसायला लागल्या, काळं नेसून. कोणाच्या सांगण्यावरून आल्या, मला माहीत नाही. इतकी वर्षं ती सगळ्यांच्या दारी गेली, तिच्या दारी न येऊन चालेल कसं? उम्म हसनीन दुखवट्याच्या बिनसाखरेच्या कॉफीचं भांडं घेऊन आली आणि माझ्या कानात म्हणाली, "अगं, मेलाय की नाही मेलाय, एक काहीतरी सांग. मी चूल पेटती सोडून आले, कुठल्या पट्टीत रडायचं ते कळेना." मी तिच्या हातातून भांडं घेतलं आणि कप मांडले.

आणि तिसऱ्या दिवशी आई आमच्या अबूना मेत्याओसांकडे गेली. तिसऱ्या दिवसाची प्रार्थना आपल्या घरी व्हायला हवी, असं तिचं म्हणणं. घरात पाणी शिंपडायचं, गेलेल्याचा जीव उंबऱ्यातून मोकळा करायचा, नाहीतर तो घरातच घुटमळत राहतो. मीही बरोबर होते. अबूना बिचारे घाबरले. म्हणाले, "उम्म वनीस, तुझा मुलगा जिवंत आहे. ही प्रार्थना मेलेल्यांची."

"मठात म्हटली ती कोणाची होती?"

"ती जगाला मेलेल्यांची."

"मग मी कोण, अबूना?" आई म्हणाली. "मी जगच ना?"

अबूना मेत्याओस झगा अंगात घालून आमच्याबरोबर आले. त्यांनी ती प्रार्थना म्हटली नाही, नुसती आभाराची म्हटली, पण पाणी शिंपडलं. कारखान्यातही शिंपडलं, तुझ्या जागेवरही. आईने डोळे मिटून घेतले होते. तिला जे ऐकायचं होतं ते तिने ऐकलं असावं.

त्यानंतर ती सगळ्या बायकांना म्हणाली की आजपासून मला कोणी उम्म वनीस म्हणू नका. वनीस नाही तर त्याची आई कुठून राहणार? बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. काहींना तिचं नावच माहीत नव्हतं. मला सांगावं लागलं.

मी तुला दोष देत नाही असं लिहायचं ठरवलं होतं. लिहिता येत नाही.

तकला


गावाहून, ८ बरमूदा

अबूना बसादा,

तुमचं नवं नाव मामाला एका यात्रेकरूकडून कळलं. मी वचन दिलं होतं म्हणून वापरते. पण "तुम्ही" मला झेपत नाही. तू.

ईस्टर झाला, मठाची दारं उघडली असतील. आईने उपवास सोडला नाही. सगळ्या गावाने अंडी रंगवली, मांस खाल्लं. तिने वाळकी भाकरी पाण्यात बुडवून खाल्ली, तीही मी समोर बसले तेवढीच. मिन्या शहरातल्या डॉक्टरला दाखवलं. तो म्हणाला, शरीरात काही नाही. मी विचारलं, मग ती दिवसेंदिवस लहान का होते आहे? तो म्हणाला, "मुलं बाहेरगावी आहेत का?" मी म्हटलं, एक आहे.

ती चूल पेटवत नाही. आर हातात घेत नाही. कोणी मेलं तर तिला बोलावणं येतं, ती जात नाही. रडतही नाही. मला हे भयंकर वाटतं, वनीस. रडली असती तर मी निभावून नेलं असतं.

खोक्यांचं काम मामा पाहतो, अर्धवट. अस्यूतच्या जागेवर आता दुसरी मुलगी शिकवते. माझ्याच वर्गातली, हुशार आहे, मुलांशी चांगली वागते. मला वाईट वाटलं नाही. थोडं वाटलं. अब्बा लोकांच्या गोष्टींच्या छायाप्रती मी आणल्या होत्या त्या परत पाठवल्या, इथे उंदीर आहेत.

मी आधी लिहिलं होतं, त्या दिवसाआधी ये, वनीस म्हणून ये. ते विसर. बसादा म्हणून ये. काळा झगा, टोपी, दाढी, जसा असशील तसा ये. तिला तुझा आवाज ऐकू दे. नुसता दारातून ऐकू दे. ती उठेल, मला खात्री आहे. खात्री नाही, पण मला दुसरं काही सुचत नाही.

अबूना युस्तुस, हे तुमच्यासाठी. मी तुमची थट्टा केली, त्याबद्दल जमिनीला कपाळ टेकते. तुमची औषधांची गाडी महिन्यातून एकदा मिन्यापर्यंत येते असं ऐकते. मिन्याहून आमचं गाव जवळ आहे. त्या गाडीत त्याला बसवा. पुस्तकात याला आधार नसेल. जे पान फाटलं आहे त्यावर लिहून टाका, की एका वडिलांनी तरुण संन्याशाला त्याच्या आईकडे पाठवलं. मी कोणाला सांगणार नाही.

तकला


गावाहून, १६ बशन्स

वनीस,

तू आलास. ते मी विसरणार नाही, आणि अबूना युस्तुसांना माझे आभार सांग. पण तुझी चिठ्ठी मी दोनदा वाचली. "आईला ते तू शिकवलंस का?" असं तू विचारलंस. मला वाटतं सगळ्या वाटेने गाडीत तू हाच विचार करत गेलास.

नाही शिकवलं. तू काय पाहिलंस ते तुला माहीत आहे. मी आत काय पाहिलं ते लिहिते, म्हणजे तुझी खात्री पटेल.

तू येणार हे मला ठाऊक नव्हतं. गाडीचा आवाज आला, पोरं ओरडली की अबूना आले. मी कडीला हात घालण्याआधी आई उठली होती. पुष्कळ दिवसांत आपण होऊन उठली नव्हती. मला वाटलं, झालं, ओळखलं. ती दारात आली, तुझ्याकडे नीट वर पाहिलं. सगळ्यांनी पाहिलं. मग खाली वाकून तुझ्या हाताचं चुंबन घेतलं, जसं कुठल्याही अबूनांचं घेतात. तू हात ओढून घेत होतास. ती म्हणाली, "बसा, अबूना. उन्हातून आलात." तुझ्या तोंडून "आई" निघालं, मी ऐकलं. ती म्हणाली, "देव तुमच्या आईला सुखी ठेवो."

चूल तिनेच पेटवली. मी पुढे झाले तर मला बाजूला सारलं. चहात साखर तिनेच घातली, तुला लागते तेवढी. यावरून तुला वाटतं की तिने तुला ओळखलं आणि मुद्दाम केलं. वनीस, मी तेव्हापासून रोज तेच ठरवते आहे आणि मला ठरवता येत नाही. साखर तशी सगळ्यांनाच तेवढी लागते.

मग ती तुझ्यासमोर जमिनीवर बसली आणि म्हणाली की माझा एकच मुलगा होता, वनीस नाव, अमशीरमध्ये गेला, त्याच्यासाठी एक प्रार्थना म्हणा. तू माझ्याकडे पाहिलंस. त्या पाहण्यामुळेच तुला वाटलं असेल की मी सामील आहे. मी काहीच करू शकले नाही, कारण मला कळेना कोणाला थांबवू. तू उभा राहिलास आणि म्हणायला लागलास. मधे तुझा आवाज गेला. पुढचा शब्द आईने सांगितला. तू तो म्हटलास. तिने पुन्हा सांगितला. अशी ती प्रार्थना तुम्ही दोघांनी मिळून संपवली. सिदराकमामा ओट्यावर होता, तो तिथून उठून शेतात निघून गेला.

तू निघून गेल्यावरचं तुला माहीत नाही. तेच सांगायला हे पत्र.

तुझ्या कपात चहा उरला होता. आईने तो पिऊन टाकला. मग तिने माझ्याकडे भाकरी मागितली, बरोबर चीज मागितलं, आणि बसून खाल्लं. मी बोलले नाही, ती थांबेल या भीतीने. खाऊन झाल्यावर तिने तोंड पुसलं आणि विचारलं, "कोण होते ते अबूना?"

मी म्हटलं, मठातले.

"वाळलाय पोरगा," ती म्हणाली. "गळ्याची हाडं दिसतात. तिथे त्याला कोणी पाहणारं नाही. तू मठात पत्रं लिहितेस ना? त्याच्या आईचा पत्ता काढ आणि तिला लिही. कुठल्या गावची आहे कोण जाणे, जीव टांगून बसली असेल. तिला लिही की तुझा मुलगा बारीक झालाय पण चालतोय-बोलतोय, आमच्याकडे आला होता, चहा प्यायला. आणि त्याला खायला लाव म्हणावं."

मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, लिहिलंस का. मी म्हटलं, पत्ता शोधते आहे. ती रागावली. इतकं शिकलीस आणि एक पत्ता सापडत नाही म्हणाली. ती आता दोन वेळा जेवते. काल कारखान्यात जाऊन दांडे पाहून आली, वाळलेले फेकून दे म्हणाली. डॉक्टरला सांगितलं तर तो म्हणेल सुधारली. तू सुद्धा तेच म्हणशील कदाचित. मला यातलं काहीच कळेनासं झालंय, वनीस. ती तुझी कोणीच राहिली नाही तेव्हा कुठे जेवायला लागली, हे बघून मी हसावं की काय करावं, हे कुठल्याच पानावर लिहिलेलं नाही. तू पुन्हा आलास तर हे मोडेल. तू कधीच आला नाहीस तर ती वाट पाहील, तुझी नाही, त्या दुसऱ्या बाईच्या उत्तराची.

शेवटी मी लिहिलं. तिच्या समोर बसून, ती सांगेल तसं, एका आईला. पाकीट बंद करून टपालात टाकल्याचं खोटं सांगितलं.

आता ती रोज टपालवाल्याची वाट पाहते. उत्तर आलं का, विचारते. मी नाही म्हणते.

"येईल," ती म्हणते. "आई आहे ती. उत्तर दिल्याशिवाय राहील का?"

तकला